एक घास कुरवाचा

"बरं," ती म्हणाली, आणि हातातल्या पाकिटाचं तोंड दोनदा दुमडून तिने ते पिशवीत ठेवलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ‘तुला काय करायचंय’ म्हणाली असती, निदान शेजारच्या बाईकडे बघून तोंड वाकडं केलं असतं, तर मीही मनातल्या मनात चार उत्तरं रचली असती आणि मांडवा येईपर्यंत विषय मिटला असता. पण ती नुसतं "बरं" म्हणाली. वर्गात बाईंनी हातातलं ठेव म्हटल्यावर मूल ठेवतं तसं पाकीट ठेवलं, तळहाताला चिकटलेला पिवळा चुरा कठड्याबाहेर झटकला आणि दोन्ही हात मांडीवरच्या फायलीवर ठेवून पाण्याकडे बघत बसली. जानेवारीतला रविवार होता. आता महिना होत आला, तरी भांडी घासताना, लोकलच्या दारात, कुठेही ते "बरं" अचानक ऐकू येतं.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या सकाळच्या लाँचवर हिवाळ्यात मी दोन-तीन वेळा तरी जाते. काम काही नसतं. अलिबागला माझं कुणी उरलेलं नाही, मांडव्याच्या धक्क्यावर वडापाव खाऊन त्याच पावली परत फिरले तरी चालतं. मी जाते ती कुरवांसाठी, म्हणजे सीगल पक्ष्यांसाठी. वरच्या डेकचे वेगळे पैसे देऊन उजवीकडची कठड्याजवळची जागा धरायची, हे आता अंगवळणी पडलंय. सकाळी लाँच दक्षिणेकडे जाते तेव्हा ऊन डावीकडून येतं आणि उजवीकडचे पक्षी अंगभर उजळतात. संध्याकाळी परत येताना तोंड उत्तरेकडे आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे ऊन पुन्हा डावीकडूनच. जाताना-येताना दोन्ही वेळा उजवी बाजू आपली. हे गणित मला तीन हिवाळे आणि काही हजार काळवंडलेले फोटो घालवल्यावर सुटलं, आणि ते मी सहसा कुणाला सांगत नाही. आज सांगितलं, आता उजवीकडे गर्दी होणार.

लाँच सुटते तेव्हा आधी डिझेलचा धूर नाकात जातो, मग बंदरातल्या पाण्याचा तो वास, तेलकट, खारट, थोडा कुजका, ज्याला घाण म्हणावं तर मन धजत नाही कारण लहानपण त्यात आहे. ताज मागे सरकतं, नौदलाच्या करड्या बोटी बाजूने जातात, नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं धुक्यात पुसट दिसतात. कुरव तोवर पाण्यावर फुलं सांडल्यासारखे पसरलेले असतात, लाटेबरोबर वरखाली होत, आपल्याला लाँचशी काही घेणंदेणं नाही अशा चेहऱ्याने. मग डेकवर गाठ्या-वेफर्स विकणारा पोरगा येतो. पहिलं पाकीट फाटतं. इंजिनाच्या एवढ्या धडधडाटात त्यांना ते ऐकू येतं की फक्त वर गेलेला हात दिसतो, कोण जाणे, पण मिनिटभरात शे-दीडशे पक्षी लाँचला चिकटतात. लाँचमुळे वर उसळणाऱ्या हवेवर पंख न हलवता ते कठड्याच्या बरोबरीने तरंगत राहतात, इतके जवळ की पायांचा लाल रंग, बोटांमधला पडदा, चोचीच्या आतलं तांबडं सगळं दिसतं. घशातून घोगरं ‘क्याव’ करत मान वळवून एकेकाच्या हाताकडे बघतात. अगदी शेजारच्या खिडकीतून कुणी घरात डोकवावं तसं.

त्यातले बहुतेक तपकिरी डोक्याचे कुरव. नाव तपकिरी डोक्याचा, आणि आपल्याकडे असतो तेव्हा डोकं पांढरंफेक. फक्त कानामागे एक काळपट डाग, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावल्यासारखा. काळ्या डोक्याचा कुरवही त्यांच्यात मिसळलेला असतो आणि त्यालाही हीच तीट, म्हणून नवखे हमखास चुकतात. मोठ्या पक्ष्यात डोळा बघायचा. फिकट बुबुळ आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका, तर तपकिरी डोक्याचा. काळाभोर डोळा आणि पंखाची पुढची कड पांढरी, तर काळ्या डोक्याचा. तो फिकट डोळा जवळून पाहिला की थोडं दचकायला होतं. त्यात ओळख नसते, भीतीही नसते. बँकेच्या काउंटरपलीकडचा माणूस बघतो तसा तो बघतो. बँकेत मीच काउंटरपलीकडे असते, तेव्हा हे मला कळायला हवं.

ती बाई माझ्या शेजारी बसली होती. साठीच्या पुढची, थळची. फायलीवरून वाटलं मुंबईच्या दवाखान्यात दाखवून परत चालली असावी, मी विचारलं नाही. सुटताना तिनेच विचारलं, "बाय, हे केवढ्याला?" कॅमेऱ्याची खरी किंमत मी कुणालाच सांगत नाही. घरी सांगितलेला आकडा वेगळा, लाँचवर सांगायचा वेगळा. साठ-सत्तर हजार, म्हटलं. तिने त्यावरही "अगं आई" केलं. मग तिने वीस रुपये देऊन गाठ्यांचं पाकीट घेतलं, दोन स्वतःच्या तोंडात टाकल्या, चार माझ्यापुढे केल्या (मी नको म्हटलं, हात लेन्सला तेलकट लागतात) आणि बाकीच्या एकेक करून कठड्याबाहेर धरायला लागली. इतर लोक मूठभर भिरकावतात आणि पक्ष्यांची झुंबड बघून ओरडतात. ती फेकत नव्हती. चिमटीत एक गाठी धरून हात सरळ बाहेर लांबवायची आणि तसाच स्थिर ठेवायची. कुरव यायचा, हवेत थबकायचा, मान पुढे करून अलगद उचलायचा. तिच्या बोटाला एकदाही चोच लागली नाही.

आणि मी मागून सटासट फोटो काढत होते.

पुढचं लिहायला जरा जड जातं. पाऊण तासात मी चारशेच्या वर फ्रेम घेतल्या. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात पीस न् पीस गोठतं, पांढरा रंग फुटू नये म्हणून उजेड थोडा कमी ठेवायचा, हे सगळं मनासारखं जमत होतं. मागच्या स्क्रीनवर पाहिलं तर तीन-चार फ्रेम अशा, की त्यांच्यासाठीच इतकी वर्षं या लाँचवर यावं. माझं काम झालं होतं. कॅमेरा मांडीवर ठेवला, पाणी प्यायले, आणि मग तिच्याकडे वळून म्हणाले, "मावशी, पक्ष्यांना असं काही घालू नये हो. मीठ असतं त्यात. त्यांना त्रास होतो."

मग तिचं ते "बरं."

दोन मिनिटांत उजवी बाजू रिकामी झाली. पलीकडे एका कुटुंबाने वेफर्सचं मोठं पाकीट फोडलं होतं, सगळे कुरव डोक्यावरून तिकडे गेले. मी कॅमेरा उचलून तिकडे वळवला, पण समोर सूर्य, पक्षी म्हणजे नुसत्या काळ्या चिंध्या. चिडचिड झाली. ती कुणावर हे त्या वेळी नीट लक्षात आलं नाही. पुढचा प्रवास ती बाई आणि मी एकाच रिकाम्या समुद्राकडे बघत बसलो. मांडव्याला उतरताना फळीवर तिने माझ्या कोपराला धरलं, आधारासाठी, आणि विचारलं, "फोटू चांगले आले ना, बाय?" टोमणा नव्हता. टोमणा ओळखण्याइतकी वर्षं मी सासरी काढली आहेत.

रात्री घरी येऊन फाईल उघडली. सगळ्यात चांगली फ्रेम ती, ज्यात कुरवाने चोच उघडलीय, पंख मागे ओढलेत, शेपटी पंख्यासारखी पसरलीय आणि डोळा सुईच्या टोकाइतका रेखीव. फोटोच्या डाव्या कडेला तिचा हात. मनगटावर काळा दोरा, हिरव्या काचेच्या तीन बांगड्या, त्यातल्या एकीत अडकवलेली सेफ्टी पिन. विळीवर मासे करणाऱ्या बोटांवर असतात तसे अंगठ्यावर बारीक काळे चरे. चिमटीत पिवळी गाठी. मी एक सेकंदही विचार केला नाही. चौकट उजवीकडे ओढली, हात गेला. चोच उघडी, समोर निळा-करडा समुद्र. एखादा रानटी पक्षी खुल्या दर्यावर साद घालतोय असंच कुणालाही वाटावं. आमच्या ग्रुपवर टाकला. "काय मोमेंट पकडलाय!" "वाइल्ड!" "हा कॉल करतानाचा आहे का?" शेवटच्या प्रश्नाला मी होकाराचा अंगठा टाकून मोकळी झाले.

याच ग्रुपवर दोन वर्षांपूर्वी आमिषावरून केवढा वाद झाला होता. कुणी घुबडाला उंदीर सोडून फोटो काढले, कुणी आडोशासमोर अळ्या ठेवल्या, त्यावर मी लांबलचक लिहिलं होतं. पक्षी आपल्या मर्जीने जे करतो तेच टिपायचं, आपण पाहुणे आहोत, वगैरे. अजूनही माझं मत तेच आहे. फक्त त्या लिखाणात गाठी हा शब्द कुठे आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोटो मोठा करून बघत होते. चोचीच्या टोकाला एक थेंब. आधी वाटलं लाटेचा शिंतोडा. मग इतर फ्रेम बघितल्या, चार पक्ष्यांच्या चोचीला तसाच थेंब, वरच्या चोचीवरून ओघळून टोकाशी थांबलेला. आणि डोक्यात लख्ख झालं. समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात. खारं पाणी पिऊन रक्तातलं जास्तीचं मीठ त्या ग्रंथी बाहेर काढतात, ते नाकपुड्यांतून पाझरतं आणि चोचीवरून खाली टपकतं. जो पक्षी समुद्र पिऊन मीठ नाकावाटे टाकून देतो, त्याच्या काळजीने मी त्या बाईला सांगितलं होतं की गाठ्यात मीठ असतं. घालू नये हे खरंच. तळलेल्या बेसनाने पोट भरलं की मासळीसाठी कष्ट करायला नको वाटतात, माणसाची भीती मोडते, आणि पाकिटं शेवटी पाण्यातच जातात. ही कारणं मला माहीत होती. पण त्या क्षणी तोंडातून निघालं ते मीठ. बरोबर गोष्ट चुकीचं कारण देऊन सांगितली, आणि समोरच्या माणसाने ती मुकाट मानली.

माझ्याकडे समुद्रपक्ष्यांचे दुसरेही फोटो आहेत, खऱ्या समुद्रातले. चार वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी निवतीहून मासेमारीची बोट ठरवली होती, असाच जानेवारी. पहाटे अंधारात निघालो, नाळेवर बसलेल्याच्या अंगावर पाणी उडत होतं, आणि ते सकाळच्या गारठ्यात सुईसारखं टोचायचं. समोरचे खडक आणि त्यांच्यावरचं दीपगृह मागे पडलं, मग किनाऱ्याची रेघ गेली, मग फक्त पाणी. इथे पाण्याचा रंग वेगळा. बंदरातलं चहासारखं पाणी नाही, जुन्या दौतीतल्या शाईसारखं. आमच्यातल्या दोघांना बोट लागली आणि ते लिंबू नाकाशी धरून आडवे झाले. मला उलटी झाली नाही, याचा मी आजही जमेल तिथे उल्लेख करते. तीन तास काही नाही. मग पाण्यावर वाहत आलेल्या एका बांबूवर तुरेवाले सुरय दिसले, नारिंगी चोचीचे, सात-आठ जण ओळीने, बसच्या रांगेत उभे असल्यासारखे. एक उडाला, सूर मारून मासा घेऊन वर आला. आणि कुठून कोण जाणे, एक काळपट पक्षी त्याच्या मागे लागला. स्कुआ. उन्हाळ्यात पार उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात घरटी करणारा, हिवाळ्यात आपल्या समुद्रावर येऊन दुसऱ्यांची कमाई लुटणारा. सुरयाने गिरक्या घेतल्या, पाण्याला लागून उडाला, वर गेला, पण तो सावलीसारखा मागे. शेवटी सुरयाने मासा टाकला, आणि तो पाण्यावर पडायच्या आत स्कुआने झेलला. तांडेल सुकाणूवरूनच ओरडला, "चोर मेलो! दुसऱ्याच्या तोंडातला काढून खाता!" आम्ही सगळे हसलो. माझे फोटो? बत्तीस. त्यातल्या एकोणतिसात क्षितिज तिरकं आणि पक्षी नाही. उरलेल्या तिनात एक धुरकट ठिपका दुसऱ्या धुरकट ठिपक्यामागे. त्या दिवशीचं सगळं माझ्या अंगात आहे, त्या शाईच्या पाण्यासकट, पण दाखवण्यासारखं काही नाही. दाखवण्यासारखे जे आहेत ते मांडव्याच्या लाँचवरचे. चाळून बघितले. एकूण एक फोटोच्या कडेशी, कापलेल्या भागात, कुणाची तरी मूठ होती.

हाच तपकिरी डोक्याचा कुरव मी लडाखात पाहिला तेव्हा ओळखला नव्हता. जूनमध्ये त्सो मोरीरीच्या काठावर, साडेचार हजार मीटर उंचीवर, जिथे चार पावलं चाललं की माझ्या छातीत भाता सुरू व्हायचा. डोक्यावर कॉफी ओतल्यासारखी गडद तपकिरी टोपी, पांढऱ्या अंगावर ती इतकी ठळक, की हा कुणी दुसराच असं वाटलं. आवाज ऐकला आणि एकदम भाऊचा धक्का आठवला. समुद्रपक्षी म्हणावं तर घरटं करायला हा समुद्रापासून इतक्या दूर, हिमालयापलीकडच्या तळ्यांवर येतो. तिथे तो माणसाकडे ढुंकून बघत नव्हता. दलदलीत चरत होता, मध्येच उडून एखाद्या कावळ्याला हाकलत होता. मला फार बरं वाटलं. हा त्याचा खरा संसार, मुंबईत तो फक्त नोकरीला येतो, असं काहीतरी मी त्या रात्री डायरीत लिहून ठेवलं. दोन दिवसांनी पँगाँगला गेलो तर काठावर प्रवाशांची रांग आणि त्यांच्या हातातल्या ग्लुकोज बिस्किटांवर तपकिरी टोप्यांचे कुरव. डायरीत ते लिहिलं नाही.

आजोळ अलिबागकडचं, त्यामुळे लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच ठरलेली. मे महिन्यात कुरव नसतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मार्चमध्येच त्यांच्या डोक्यावर रंग चढू लागतो आणि मग एकेक करून ते जातात. पण माझ्या आठवणीतल्या रेवसच्या लाँचवर ते असतातच. बहुधा दिवाळीच्या सुट्टीचं आणि मेचं मी एकत्र शिवून टाकलंय. आठवण पक्की आहे ती आईच्या हाताची. धाकट्या भावाला लाँच लागायची, तो खायचा नाही, आणि आई दशमीचा तुकडा मोडून मोडून म्हणायची, हा घास चिऊचा, हा घास काऊचा. एकदा काठावर पांढरे पक्षी बघून तो म्हणाला, "ह्यांचा पण." आईला नाव माहीत नव्हतं. "हा घास ह्या पांढऱ्या बदकाचा," म्हणाली, आणि तुकडा खरोखरच पाण्यात टाकला. भाऊ खुदकन हसला आणि पुढचा घास त्याने खाल्ला. मी रागावले होते. मला वाटलं अन्न टाकलं. बघा, म्हणजे तेव्हापासून.

आपल्याकडे पक्ष्याला खाऊ घालणं म्हणजे नक्की काय, याचा मला उलगडा होत नाही. पुण्य आहे, हौस आहे, आणि कधी कधी निव्वळ विनवणी आहे. बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. घाटावर दीड तास आम्ही पिंडाकडे बघत उभे, कावळा समोरच्या पिंपळावर. काका हात जोडून म्हणाले, घराचं रंगकाम करतो. भाऊ म्हणाला, आईला नीट सांभाळतो. मी, पक्ष्यांची जाणकार, मनात म्हणत होते की एवढी माणसं दोन हातांवर उभी असल्यावर तो कसा येईल, जरा मागे सरका. शेवटी मीच पुटपुटले, कॅमेरा विकत घेणार नाही, आधी कर्ज फेडते. कावळा आला. कर्ज फेडलं, पण कॅमेरा आधी घेतला.

त्या रविवारी मांडव्याहून मी थळला गेले होते. आधीच ठरलं होतं, त्या बाईमुळे नाही. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर उंदेरी, मागे खांदेरी, पाणी ओसरलेलं असलं की उंदेरी हाताला लागेल असं वाटतं. होड्या नुकत्या लागल्या होत्या. बायका वाळूत गोल करून मासळी निवडत बसल्या होत्या, जवळा एकीकडे, बोंबील एकीकडे, आणि चिरडलेलं, बारीक, न विकणारं मागे खांद्यावरून भिरकावत होत्या, न बघता, चालू गप्पांत. मागे अर्धवर्तुळ करून कुरव उभे. एक-दोन काळे कुत्रे, बगळे, वर घारी. एक पोर कुरवांच्या मध्ये उघडंनागडं बसलं होतं, त्याचं कुणाला काही नव्हतं. मला ती बाई त्यांच्यात दिसते का म्हणून मी दोन चकरा मारल्या. दिसली नाही. म्हणजे लाँचवर तिने जे केलं ते तिच्यासाठी नवं काहीच नव्हतं. घरचेच पक्षी बोटीवर भेटले, हातात जे होतं ते दिलं. इथे मी कुणाला काही सांगितलं नाही. इथे मासळी होती, मीठ नव्हतं, असं म्हणता येईल. किंवा इथे वीस जणी होत्या आणि लाँचवर ती एकटी.

थळहून किहीम जवळच. 1930 सालच्या पावसाळ्यात सालिम अली तिथे राहिले होते, नोकरी नव्हती, आणि सुगरणींच्या घरट्यांसमोर रोज बसून कोणता नर कोणत्या घरट्याशी काय करतो याची नोंद ठेवत होते. महिनोन्‌महिने, एकाच जागी. हे आठवलं की मला माझ्या पाऊण तासातल्या चारशे फ्रेमची लाज वाटते. पण लाज वाटली म्हणून मी कधी एका झाडाखाली चार महिने बसलेली नाही. बँकेत रजाच तीस दिवस.

मूळ फाईल माझ्याकडे आहे. कापलेला भाग जात नाही, चौकट परत ओढली की येतो. महिन्याभरात मी ती बऱ्याच वेळा ओढली. हात आला की फोटो बदलतो. कुरव साद घालत नाही, मागतोय हे कळतं. मागतोय म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही, कारण तिचा हात ज्या तऱ्हेने बाहेर आलाय, थोडा वाकलेला, तळवा वर, त्यात देणारा कोण आणि मागणारा कोण हे पटकन ठरत नाही. सेफ्टी पिनेवर उन्हाची एक बारीक तिरीप आलीय, आणि तांत्रिकदृष्ट्या सांगायचं तर फोटोतली सगळ्यात तीक्ष्ण जागा तीच आहे. कॅमेऱ्याने पक्ष्याचा डोळा धरलाय असं मी समजत होते. त्याने पिन धरली होती. ग्रुपवर हा दुसरा फोटो टाकावा असं दोनदा मनात आलं. टाकला नाही. तिला छापून द्यावा तर नावगाव माहीत नाही, नुसतं थळ.

परतीचं सांगायचं राहिलं. घरी कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा इथेच सांगते. संध्याकाळची लाँच, वरचा डेक, उजवी बाजू. सूर्य खाली आलेला, पाण्यावर तांबूस साय धरलेली. पक्ष्यांना याहून चांगला उजेड मिळत नाही. पण कुरव लांब, पाण्यावर, घोळक्याने. डेकवर फारसं कुणी काही घेत नव्हतं, दिवसभर फिरून माणसं पेंगुळली होती. पोरगा पाकिटं घेऊन दोन फेऱ्या मारून गेला. उजेड मिनिटामिनिटाला उतरत होता. मी डेकवर नजर फिरवली. पुढच्या बाजूला कॉलेजची चार-पाच मुलं, त्यांच्यातल्या एकाने पोराला हाक मारली आणि दोन मोठी पाकिटं घेतली. मी बॅग उचलली, माझी धरलेली जागा सोडली, आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर कठड्याला टेकून उभी राहिले. पाकीट फाटलं. पाण्यावरचा घोळका उठला. माझ्या हातातला मोठा कॅमेरा बघून तो मुलगा जरा चपापला, हात खाली घेतला.

"मॅडम, तुमच्या मध्ये येत नाही ना?"

"नाही रे," मी म्हटलं, "चालू दे."